ढाक्याचा पोरगा शिकायला अमेरिकेत गेला आणि जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग उभी करून दाखवली

मुंबईत लालबागच्या फ्लायओव्हरवरून जाताना तुम्ही कधी ना कधी मान वर करून टॉवरचे मजले मोजले असतील. चाळीस-पन्नासपर्यंत मोजून होतात, तोवर बस पुढे निघून जाते. मग डोक्यात एक साधा प्रश्न येतो. पावसाळ्यात समुद्रावरून सुटलेला वारा छत्र्या उलट्या करतो, मग हा एवढा उंच डोलारा त्या वाऱ्यात पडत कसा नाही?

या प्रश्नाचं आजचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव कुणा गोऱ्या साहेबाचं नाही. ते आपल्याच उपखंडातल्या एका गणिताच्या मास्तरांच्या मुलाचं आहे. फझलूर रहमान खान.

शिकागोचा सिअर्स टॉवर, म्हणजे १९७४ ते १९९८ अशी जवळपास पंचवीस वर्षं जगातली सगळ्यात उंच असलेली बिल्डिंग, याच माणसाच्या डोक्यातून उभी राहिली. पण त्यांची गोष्ट बिल्डिंगपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका स्कॉलरशिपपासून आणि अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका युनिव्हर्सिटीपासून.

आज घराघरातला एखादा पोरगा किंवा पोरगी एमएस करायला अमेरिकेत जाते. २०२३-२४ साली अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जास्त भारतीय होते, ३ लाख ३१ हजारांहून जास्त. घर गहाण ठेवून, लाखांचं कर्ज काढून जाणारेही त्यात आहेत. म्हणून सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या या माणसाचं तिथं नक्की काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

मास्तरांचा मुलगा

३ एप्रिल १९२९. ब्रिटिशांच्या काळातलं ढाका. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक होते, त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिली होती आणि पुढे ते ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. आता असा बाप घरात असला की पोराचं गणित कच्चं राहायचा प्रश्नच नव्हता.

फझलूरचा ओढा फिजिक्सकडेही होता. पण वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगकडे वळवलं आणि तो शिकायला कलकत्त्याजवळच्या शिबपूरला, बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. हे देशातल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी एक.

मधे १९४७ साल आलं. फाळणी झाली. ढाका पूर्व पाकिस्तानात गेलं आणि कॉलेज भारतात राहिलं. काल जो पोरगा आपल्याच प्रांतातल्या कॉलेजात शिकत होता, तो आज परदेशी झाला.

१९५० मध्ये बंगालमध्ये पुन्हा दंगली पेटल्या. शेवटच्या टप्प्यात शिक्षण सोडून फझलूरला ढाक्याला परतावं लागलं. तिथल्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने डिग्री पुरी केली, तीही पहिल्या वर्गात. हेच कॉलेज पुढे बांगलादेशची नामांकित इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटी झालं. डिग्रीनंतर काही काळ त्याने शिकवण्याचं कामही केलं.

हुशार पोरगा, हातात सिव्हिलची डिग्री, नव्याने तयार झालेला देश. रस्ते बांधायचेत, पूल बांधायचेत, सरकारी नोकरी समोर आहे. तिथं थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

१९५२: अमेरिकेचं तिकीट

१९४६ मध्ये अमेरिकेने फुलब्राइट स्कॉलरशिप सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एकमेकांकडे जाऊन शिकावं, अशी त्यामागची कल्पना. खान यांना ही स्कॉलरशिप मिळाली, शिवाय सरकारी स्कॉलरशिपही मिळाली. दोन्हींच्या जोरावर १९५२ मध्ये ते अमेरिकेला निघाले.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ढाक्यात बंगाली भाषेसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. ज्या शहरातून हा तरुण निघाला, ते शहर असं धुमसत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांनी गाठली युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, अर्बाना-शॅम्पेन. शिकागोपासून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर. आजूबाजूला सपाट जमीन आणि मैलोन्‌मैल मका. उंच म्हणावं असं काही नाही.

पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हे गाव म्हणजे पंढरी होती. इथल्या टॅल्बट लॅबोरेटरीत तीस लाख पौंडांचा जोर लावू शकणारं एक अजस्र मशीन होतं. काँक्रीटचे आणि स्टीलचे खरेखुरे मोठे तुकडे त्यात घालायचे आणि ते तुटेपर्यंत दाबायचे. पुस्तकातला फॉर्म्युला बरोबर आहे की नाही, ते समोरच कळायचं. खान पोहोचले त्याच वर्षी, १९५२ मध्ये, या युनिव्हर्सिटीने स्वतः बांधलेला इलियाक हा कॉम्प्युटरही सुरू झाला. जगात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हाची ही गोष्ट.

इथं एक फरक समजून घेऊ. बीई करताना तुम्हाला सांगतात की तुळई कशी डिझाइन करायची. कोड उघडा, आकडे टाका, उत्तर काढा. रिसर्च युनिव्हर्सिटीत एमएस आणि पीएचडी करताना प्रश्न बदलतो. कोडमध्ये हा आकडा आला कुठून? तो कुणी ठरवला? तो चुकीचा असला तर? म्हणजे आधी तुम्ही नियम वापरायला शिकता आणि मग नियम तयार कसा होतो ते शिकता.

खान यांनी तीन वर्षांत दोन मास्टर्स डिग्र्या आणि एक पीएचडी घेतली. एक मास्टर्स स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये, दुसरी थिऑरेटिकल अँड अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आणि १९५५ मध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट. आज एकट्या पीएचडीला पाच-पाच वर्षं सहज जातात, त्यावरून अंदाज घ्या.

दुसऱ्या मास्टर्सचा विषय मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. बिल्डिंग बांधणाऱ्याला शुद्ध मेकॅनिक्सचं एवढं काय पडलंय, असं कुणालाही वाटेल. पण जोर कुठून येतो, कुठल्या वाटेने जातो आणि जमिनीत कसा उतरतो, हे खान यांना मुळापासून समजून घ्यायचं होतं. पुढचं सगळं काम याच सवयीवर उभं राहिलं.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळया. नाव अवघड आहे, पण कल्पना आपल्या गावाकडच्या सुताराला आणि लोहाराला माहीत होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी बसवायचे? धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना धाव आवळते आणि चाकाचे सगळे तुकडे एकमेकांत घट्ट दाबून धरते. काँक्रीटचंही तसंच. ते दाब सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून आतल्या पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटला आवळून ठेवायचं. मग वजन आलं तरी तडा जात नाही.

पहिली नोकरी आणि कराचीचा अनुभव

१९५५ मध्ये पीएचडी झाल्या झाल्या खान शिकागोच्या एका नावाजलेल्या फर्ममध्ये लागले. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल, थोडक्यात एसओएम. आपल्या मुंबई एअरपोर्टचं टर्मिनल २ डिझाइन केलं ती हीच फर्म. एअर फोर्स अकॅडमीसाठीच्या पुलांवर त्यांनी सुरुवातीला काम केलं आणि तिथं प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा अभ्यास थेट कामाला आला.

पण अमेरिकेतच राहायचं, असं ठरवून ते गेले नव्हते. १९५७ मध्ये ते मायदेशी परतले. कराची तेव्हा पाकिस्तानची राजधानी होती. तिथल्या कराची डेव्हलपमेंट ऑथॉरिटीत ते एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. मोठं पद, मोठा मान.

अडचण अशी झाली की पद मोठं होतं, त्यात इंजिनिअरिंग मात्र थोडं होतं. दिवस जायचा कारभारात. फायली, मंजुऱ्या, मीटिंगा. जो माणूस तुळईच्या आत जोर कसा फिरतो यावर डॉक्टरेट करून आला होता, त्याच्या वाट्याला डिझाइनचं काम येत नव्हतं.

शिकून परत आलेल्या कित्येकांची ही गोष्ट आहे. आपण ब्रेन ड्रेन म्हणून पोरांना बोल लावतो. पण परत आलेल्या माणसाला त्याचं काम करता येईल अशी जागा आपल्याकडे आहे का, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो.

१९६० मध्ये खान पुन्हा शिकागोला एसओएममध्ये गेले. यावेळी कायमचे. १९६६ मध्ये ते फर्मचे पार्टनर झाले आणि १९६७ मध्ये अमेरिकेचे नागरिक.

उंचीचा दंड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उंच बिल्डिंगचा खरा शत्रू कोण? वजन असं तुमचं उत्तर असेल तर ते अर्धं बरोबर आहे. वजन सरळ खाली जातं आणि मजल्यांच्या हिशोबाने वाढतं. खरा त्रास वाऱ्याचा.

वारा आडवा ढकलतो. समजा वाऱ्याचा दाब वरपासून खालपर्यंत सारखाच आहे. तरी बिल्डिंगची उंची दुप्पट केली की तिला बुडाशी उलथवू पाहणारा जोर चौपट होतो. प्रत्यक्षात वर वारा जास्तच जोरात असतो, म्हणजे हाल आणखी.

एम्पायर स्टेटसारख्या जुन्या बिल्डिंगांमध्ये खांब आणि तुळयांचा सांगाडा सगळ्या मजल्यावर पसरलेला असायचा. आपल्याकडच्या चार मजली सोसायटीत असतो तसाच, फक्त प्रचंड. हा सांगाडा वजन छान पेलतो, पण आडव्या जोरापुढे लवतो. मग तो कडक करायला आणखी स्टील घाला, खांब जाड करा. एका उंचीनंतर वारा अडवण्यासाठीच इतकं स्टील लागायचं की हिशोब परवडेनासा व्हायचा. हा झाला उंचीचा दंड.

सगळे जण हा दंड भरत होते. खान यांनी विचारलं की तो भरायलाच हवा का?

त्यांचं उत्तर समजायला कोकणातल्या नाहीतर मावळातल्या कुठल्याही माणसाला दोन मिनिटं लागणार नाहीत. बांबू बघा. आतून पोकळ, तरी वाऱ्यात उभा. कारण त्याची सगळी ताकद बाहेरच्या कडेला आहे. तेवढंच लाकूड मधोमध गोळा करून भरीव काठी केली असती, तर ती बारीक झाली असती आणि लवकर वाकली असती.

खान यांनी बिल्डिंगची ताकद अशीच बाहेर आणली. बाहेरच्या चारही भिंतींत खांब एकमेकांच्या जवळ लावायचे, ते तुळयांनी घट्ट जोडायचे. मग चार भिंती मिळून एक चौकोनी नळी होते आणि सगळी बिल्डिंग एकसंध होऊन वाऱ्याला तोंड देते. आतली जागाही बरीच मोकळी राहते. यालाच म्हणतात ट्यूब स्ट्रक्चर.

शिकागोतली ४३ मजल्यांची डीविट-चेस्टनट ही काँक्रीटची बिल्डिंग या कल्पनेवर बांधली गेली आणि १९६६ च्या आसपास पुरी झाली. बाहेरचे खांब एकमेकांपासून फक्त साडेपाच फुटांवर.

विद्यार्थ्याचा थिसिस झाला शंभर मजली

इथून पुढचा भाग या गोष्टीतला सगळ्यात भारी.

खान नोकरी करता करता शिकागोतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवायचे. तिलाही आयआयटी म्हणतात, पण ही आपली आयआयटी नव्हे. मीस व्हॅन डेर रोह या जगप्रसिद्ध आर्किटेक्टने तिथलं आर्किटेक्चरचं शिक्षण घडवलं होतं. मीस यांचाच एक विद्यार्थी मायरन गोल्डस्मिथ. त्याने १९५३ च्या आपल्या मास्टर्स थिसिसमध्ये एक मुद्दा मांडला होता. मुंगी मोठी करून हत्ती होत नाही, त्याचे पाय वेगळेच असावे लागतात. तसंच वीस मजल्यांची पद्धत ताणून शंभर मजले करू नका, उंची बदलली की सांगाड्याचा प्रकारच बदलला पाहिजे.

पुढे गोल्डस्मिथ एसओएममध्ये खान यांचे सहकारी झाले आणि दोघंही आयआयटीत थिसिससाठी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू लागले. दिवसा ऑफिसमध्ये जो प्रश्न अडला असेल, तोच विद्यार्थ्यासमोर थिसिस म्हणून यायचा. विद्यार्थ्याला क्लायंट नाही, डेडलाइन नाही, बजेटची भीती नाही. तो मोकळेपणाने कल्पना शेवटपर्यंत ताणून बघू शकतो.

मिकिओ सासाकी नावाचा जपानी विद्यार्थी त्यांच्याकडे होता. १९६४ मधल्या त्याच्या मास्टर्स थिसिसचा विषय होता उंच ऑफिस बिल्डिंग. त्यात बाहेरच्या बाजूला खूप खांब लावण्याऐवजी कमी खांब आणि त्यांना जोडणारे प्रचंड मोठे तिरपे दांडे अशी रचना तपासली होती. प्रत्येक बाजूवर फुलीसारखी खूण दिसेल, अशी.

त्याच सुमाराला एसओएमकडे जॉन हॅनकॉक सेंटरचं काम आलं. एसओएमचे आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि खान यांनी सासाकीच्या थिसिसमध्ये तपासलेली ती फुली खऱ्याखुऱ्या शंभर मजल्यांवर चढवली.

यातलं गणित असं. तिरपा दांडा वाऱ्याचा जोर सरळ खेच आणि दाब यांत बदलतो, वाकण्याची भानगड कमी होते. घराचं छप्पर पेलणारी कैची डोळ्यासमोर आणा. साध्या चौकोनाला बाजूने ढकललं तर तो कलंडतो. त्यात एक तिरपी पट्टी ठोकली की हलत नाही.

पण बिल्डिंग पडणार नाही एवढं पुरेसं नव्हतं. वरच्या मजल्यांवर लोक राहणार होते. बिल्डिंग थोडी हलतेच, मग माणसाला ते कितपत जाणवतं? खान यांनी शिकागोच्या म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीतल्या वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनातला फिरता प्लॅटफॉर्म वापरून माणसं बसवली, उभी केली, झोपवली आणि कुठल्या हालचालीला त्यांना अस्वस्थ वाटतं ते तपासलं. इलिनॉयच्या लॅबमध्ये लागलेली सवय ती हीच. माहीत नसेल तर मोजून बघा.

हॅनकॉक सेंटर १९६९-७० मध्ये पुरं झालं. शंभर मजले, ३४४ मीटर. खाली दुकानं, मग पार्किंग आणि ऑफिसं, वर घरं. या बिल्डिंगला दर चौरस मीटरमागे साधारण १४५ किलो स्टील लागलं. १९३१ च्या एम्पायर स्टेटला जवळपास तेवढ्याच मजल्यांसाठी २०६ किलो लागलं होतं. आता मधल्या काळात स्टीलही सुधारलं होतं, असं कुणी म्हणेल. पण १९६१ मध्ये जुन्या पद्धतीने न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या साठ मजली चेस मॅनहॅटन बिल्डिंगला दर चौरस मीटरमागे अडीचशे किलोपेक्षा जास्त स्टील लागलं होतं. म्हणजे फरक पद्धतीचा होता. उंचीचा दंड बऱ्यापैकी माफ झाला.

नळ्यांची मोळी

यानंतर आली सिअर्स. तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी रिटेल कंपनी. त्यांना हजारो कर्मचारी एकाच ठिकाणी बसवायचे होते.

किस्सा असा सांगतात की ब्रूस ग्रॅहम यांनी जेवणाच्या टेबलावर मूठभर सिगारेटी एकत्र उभ्या धरल्या, काही वर-खाली केल्या आणि खान यांना विचारलं की असं जमेल का.

खान यांनी जमवलं. एक नळी नाही, नऊ नळ्या. तीन ओळींत तीन-तीन. प्रत्येकीची बाजू ७५ फूट. एकेकटी काटकी सहज मोडते, पण मोळी बांधली की मोडत नाही, हे आपण शाळेत शिकलोय. नऊ नळ्यांनी एकमेकींना धरलं. मग सगळ्या वरपर्यंत न्यायचीही गरज नाही. दोन ५० व्या मजल्यावर थांबल्या, दोन ६६ व्या, तीन ९० व्या आणि उरलेल्या दोनच शेवटपर्यंत गेल्या. म्हणून तो टॉवर वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होतो.

११० मजले, ४४२ मीटर. स्टील दर चौरस मीटरमागे साधारण १६१ किलो. १९७४ मध्ये तो पुरा झाला आणि जगात पहिल्या नंबरवर बसला. १९९८ मध्ये मलेशियाच्या पेट्रोनास टॉवर्सनी तो नंबर घेतला. आज सिअर्स टॉवरचं नाव विलिस टॉवर आहे.

१९७२ मध्ये एंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड या बांधकाम क्षेत्रातल्या नावाजलेल्या साप्ताहिकाने खान यांना मॅन ऑफ द इयर निवडलं. १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून आले.

ढाका हाक मारतं

१९५२ चं ढाका लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते आता.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात हत्याकांड सुरू केलं. खान तेव्हा अमेरिकेचे नागरिक होते, मोठ्या फर्मचे पार्टनर होते, सिअर्स टॉवरचं काम चालू होतं. गप्प बसणं सोयीचं होतं. शिवाय अमेरिकन सरकार पाकिस्तानच्या बाजूला झुकलेलं होतं.

खान यांनी शिकागोत लोक गोळा केले. बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील उभं करून निर्वासितांसाठी पैसा जमवला. बांगलादेश डिफेन्स लीगच्या माध्यमातून अमेरिकेतलं मत वळवण्यासाठी धडपड केली. वर्षअखेर बांगलादेश स्वतंत्र झाला.

आपली भाषा आणि आपलं गाणं त्यांनी कधी सोडलं नाही. रवींद्रनाथांची गाणी त्यांना मनापासून आवडायची. पत्नी लिझेलोट युरोपातली आणि मुलगी यास्मिन अमेरिकेत वाढलेली. पुढे यास्मिनही स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आणि तिने वडिलांच्या कामावर पुस्तक लिहिलं.

शेवटचं मोठं काम

उंच टॉवर बांधणाऱ्या माणसाचं शेवटचं गाजलेलं काम मात्र आडवं होतं. सौदी अरेबियात जेद्दाच्या विमानतळावर हजला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी टर्मिनल. वर्षातले काही आठवडेच लाखोंची गर्दी, बाकी शुकशुकाट. त्यात वाळवंटातलं ऊन. एवढ्यासाठी एसी हॉल बांधणं म्हणजे पैशांची राख. एसओएमच्या टीमने उघडे, कापडी तंबूच उभे केले. २१० तंबू, पोलादी खांबांना तारांनी टांगलेले. खाली सावली आणि खेळती हवा. हे टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झालं.

२७ मार्च १९८२ ला याच जेद्दा शहरात खान यांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. ५३ व्या वाढदिवसाला एक आठवडा उरला होता. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्यांना दफन केलं. पुढच्या वर्षी त्या टर्मिनलला आगाखान पुरस्कार मिळाला, तो बघायला ते नव्हते.

शिकागोने सिअर्स टॉवरच्या पायथ्याच्या चौकाला त्यांचं नाव दिलं. बांगलादेशाने १९९९ मध्ये स्वाधीनता पदक दिलं. २००९ मध्ये बराक ओबामांनी कैरोमधल्या भाषणात अमेरिकन मुस्लिमांनी देशाची सगळ्यात उंच बिल्डिंग बांधली, असा उल्लेख केला. नाव घेतलं नाही, पण रोख खान यांच्याकडेच होता.

मग शिकायला जाऊन मिळालं काय?

खान अर्बाना-शॅम्पेनला गेले तेव्हा ट्यूब स्ट्रक्चर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्यामुळे ते त्यांना तिथं कुणी शिकवलं नाही. त्यांच्या पीएचडीत टॉवर नव्हता, तुळई होती. तिथून ते घेऊन निघाले ती पद्धत. नियम कुठून आला ते विचारायचं, मुळापर्यंत जायचं आणि माहीत नसेल ते मोजायचं. पुढे नोकरी लागल्यावरही त्यांनी क्लासरूम सोडली नाही, म्हणून सासाकीसारख्या विद्यार्थ्याच्या थिसिसमधून शंभर मजले उभे राहिले.

एमएसचा फॉर्म भरताना आपल्याकडे पहिले प्रश्न असतात ते रँकिंग किती, फी किती, कर्ज किती वर्षांत फिटेल आणि नोकरी लागेल का. ते चुकीचे नाहीत. कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं आणि खान यांच्याकडे तर दोन स्कॉलरशिप होत्या. पण त्या यादीत आणखी दोन प्रश्न टाकायला हरकत नाही. तिथल्या लॅबमध्ये सध्या काय तपासलं जातंय? आणि त्यातलं आपल्याला खरंच काय जाणून घ्यायचंय?

कराचीचा धडा मात्र विद्यार्थ्यांसाठी नाही, तो त्यांना परत बोलावणाऱ्यांसाठी आहे. तिथं खान यांना खुर्ची मिळाली होती, काम मिळालं नाही. तीन वर्षांत शिकागोने त्यांना परत नेलं.